सात वेळा प्रभाकर

शनिवारी सकाळी साडेनऊला मी दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर प्रॉक्सीला विचारलं, कोण कोण जोडलेलं आहे, आणि पडद्यावर सात ओळी आल्या. प्रभाकर, प्रभाकर, प्रभाकर, असं सात वेळा. यात नवीन काहीच नव्हतं. दोन वर्षं झाली, रोज हेच येतं. मी ते बघते, वहीत 'सर्व ठीक' असं लिहिते आणि चहा प्यायला जाते. त्या दिवशी मात्र पेन हातातच राहिला. प्रभाकरराव बुधवारपासून घरी होते. चौकशी होईपर्यंत येऊ नका, असं रूपराव साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं होतं. म्हणजे माणूस घरी बसवला आणि नाव मात्र कामाला जुंपून ठेवलं, सकाळी नऊपासून, सातही मशीनवर. मला राग आला. राग मला लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते.

आमचा दवाखाना एका ट्रस्टचा. सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात गर्दी झाली की लोक आमच्याकडे वळतात. मी रक्तपेढीच्या मागच्या खोलीत बसते. ती आधी चादरींची कोठी होती, अजून तिथे फिनाइलचा वास येतो. खोलीत दोन खोकी आहेत. एकात डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदी: कोण आलं, कोणाचा रक्तगट काय, कोणती पिशवी कोणाला गेली. दुसरं खोकं प्रॉक्सीचं. सात मशीननी एकदम डेटाबेसच्या अंगावर जाऊ नये म्हणून ते मधे ठेवलंय. काउंटरवरून जे मागायचं ते प्रॉक्सीकडे मागायचं, तो आत जाऊन आणून देतो. नागपूरच्या निकेशनं हे 2006 साली बसवलं आणि जाताना एका कागदावर मला सहा कामं लिहून दिली. चालू करणे, जनरेटर नसेल तेव्हा लोडशेडिंगच्या आधी नीट बंद करणे, कोण जोडलंय ते पाहणे, अडकलेल्याला तोडणे, नवीन माणूस घालणे किंवा जुना काढणे, आणि दर शनिवारी लॉग पुसणे, नाहीतर डिस्क भरते. "एवढं आलं म्हणजे झालं ताई, याच्यात बाकी काही नाई," असं तो म्हणाला होता, आणि खरंच काही नव्हतं. कागद मी भिंतीला चिकटवला. त्यातलं पाचवं काम, माणूस घालायचं, मी दोन वर्षांत एकदाही केलं नव्हतं.

कारण आमच्याकडे माणूस एकच होता. 2001 साली पहिलं कॉम्प्युटर आलं तेव्हा सगळे त्याला भ्यायचे. बटण दाबलं आणि काही उडालं तर कोणाच्या डोक्यावर येणार. तेव्हा रक्तपेढीचे बडे बाबू, म्हणजे प्रभाकरराव, पुढे आले. "माह्या नावानं चालू करा. काही झालं तं मी हावो न." मी पुढच्या वर्षी लागले तोवर ती रीतच झाली होती. रोज सकाळी पावणेनऊला ते चपला दाराबाहेर काढून आत येत, एकेका मशीनसमोर उभे राहून उजव्या हाताच्या एका बोटानं आपलं नाव घालत, मग पासवर्ड, मग पडद्याला नमस्कार. पासवर्ड केळझरच्या गणपतीचा, इंग्रजीत, मधे जागा न सोडता. तो अख्ख्या दवाखान्याला पाठ होता, कारण बोट चालवताना ते प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणायचे. नंतर निकेश आला, त्यानं विचारलं, वेगळी नावं घालू का, तर सगळे एका सुरात म्हणाले, कशाले बापा, चालून राह्यलं न. मी बौद्ध घरातली, पिपरी मेघेची, आणि माझ्याही मशीनवर रोज सकाळी गणपती. त्याचं मला काही वाटत नव्हतं. प्रभाकर या नावाचं मात्र वाटायचं, आणि ते मी कोणाजवळ बोलत नव्हते.

माझे आजोबा चिंधू जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी ओढायचे. तिथल्या हजेरीवर 'रामाजी व अकरा' असं लिहायचे. रामाजी मुकादम, आजोबा अकरातले. किती वर्षं ते अकरातले होते हे बाबांनाही नीट सांगता येत नाही. बाबा, श्रावण त्यांचं नाव, ही गोष्ट सांगताना आवाज चढवत नाहीत, भाकरी मोडत मोडत सांगतात. छप्पन साली आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी मुकादमाला म्हणाले, माहं नाव येगळं लिव. त्यानं नाही लिहिलं. मग आजोबा दोन अक्षरं शिकले, दोनच, आपल्या नावापुरती, आणि ओढलेल्या प्रत्येक गाठीवर कोळशानं काढायला लागले. त्यापायी त्यांना दोनदा कामावरून काढलं आणि दोन्ही वेळा परत बोलावलं, कारण तेवढी गाठ ओढणारा दुसरा नव्हता. मला नोकरी लागली त्या दिवशी बाबांनी पहिलं हेच विचारलं होतं, "तिथं तुहं नाव लिवतात न?" मी हो म्हटलं. हजेरीत लिहीत होतेच, खोटं नव्हतं. पण दिवसाला मी तीस-पस्तीस चिठ्ठ्या कॉम्प्युटरमध्ये टाकते त्या कोणाच्या नावावर पडतात, ते मी त्यांना सहा वर्षांत सांगितलं नाही. भाकरी मोडता मोडता त्यांचा हात थांबला असता, आणि ते मला पाहवलं नसतं.

मंगळवारी प्रभाकररावांचा सत्कार झाला. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. शाल, नारळ, आणि काचेत बसवलेला एक कागद: एक लाखाहून अधिक नोंदी बिनचूक केल्याबद्दल. तो आकडा डेटाबेसमधून मीच काढून दिला होता. आणि त्याच दिवशी भागीरथाबाई नावाच्या सेलूकडच्या एका बाईंच्या नावापुढे चुकीचा रक्तगट पडला. चिठ्ठीवर ओ पॉझिटिव्ह, कॉम्प्युटरमध्ये ए पॉझिटिव्ह. बुधवारी ऑपरेशनच्या आधी त्या हिशेबानं पिशवी निघाली. आमची टेक्निशियन काजल, तिनं नेहमीप्रमाणे रक्त जुळवून पाहिलं, ते जुळेना, तिनं पिशवी परत ठेवली आणि आरडाओरड केली. ती घाईत असती तर बाई टेबलावरच गेली असती. ऑपरेशन पुढे गेलं, नातेवाईकांनी दार अडवलं, आणि प्रशासन बघणाऱ्या रूपराव साहेबांनी नोंद उघडायला लावली. नोंदीत तारीख असते आणि नाव असतं. वेळ नसते, मशीनही नसतं. "नाव तुमचं, जबाबदारी तुमची," साहेब म्हणाले. प्रभाकररावांनी मान हलवली, डबा उचलला आणि गेले. एकतीस वर्षांच्या नोकरीच्या शेवटच्या कागदावर आता निष्काळजीपणा हा शब्द जाणार होता. एका बोटानं हा माणूस दिवसाला पाच नोंदीसुद्धा करत नाही, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कोणी तोंड उघडलं नाही. मीही नाही. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

तर शनिवारी, त्या सात ओळी पाहून माझं डोकं फिरलेलं असताना, अकराच्या सुमारास साहेब माझ्या खोलीत आले. एरवी ते दारातूनच बोलतात. त्या दिवशी आत आले, भिंतीवरचा निकेशचा कागद वाचला आणि सहाव्या ओळीवर बोट ठेवलं.

"आज शनिवार हाये न?"

"हो साहेब."

"मंग तुहं शनिवारचं काम करून टाक. डिस्क भरली का पुन्हा बोंब होते."

"करते."

"आत्ताच कर. चार वाजता ट्रस्टी येऊन राह्यले." जाता जाता दारात थांबले. "आन तुहं कंत्राट पुढच्या महिन्यात येते माह्या टेबलावर. ध्यानात हाये मले."

ते गेले आणि मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. चार नंबरच्या मशीनवर बसतो भूपेंद्र, साहेबांच्या साळ्याचा मुलगा. कानात तार घालून गाणी ऐकतो आणि चिठ्ठ्या टाकतो. साहेबांना वाटत होतं की चूक त्याची आहे, आणि मला तर खात्रीच होती. वा रे साहेब. मला काही वाईट करायला त्यांनी सांगितलंच नव्हतं. मी दर शनिवारी जे करते तेच करायला सांगितलं होतं. उद्या कोणी विचारलं असतं तर मी निरागस तोंडानं म्हटलं असतं, शनिवार होता. एवढ्या सोप्या रीतीनं एक माणूस बुडवता येतो, आणि बुडवणाऱ्याचे हातसुद्धा ओले होत नाहीत. मी मनातल्या मनात साहेबांना नाही नाही ते बोलले, खुर्ची पुढे ओढली, आणि पुसण्याऐवजी लॉग उघडली.

लॉगमध्ये प्रॉक्सी सगळं लिहून ठेवतो. डेटाबेसला आत बसून फक्त प्रभाकर ऐकू येतो. प्रॉक्सी दारावर असतो, त्याला कोणत्या मशीनवरून मागणी आली तेही दिसतं, आणि किती वाजता. भागीरथाबाईंचा नोंदणी क्रमांक घालून मी शोधायला लावलं. ट्रस्टींसमोर काय बोलायचं त्याची वाक्यं तोवर माझ्या डोक्यात जुळायला लागली होती, चांगली झणझणीत वाक्यं, भूपेंद्रचं नाव, साहेबांचं बोट, सहावी ओळ, सगळं. एक ओळ आली. मंगळवार, तीन वाजून बावन्न मिनिटं. प्रभाकर. मशीन सात.

मशीन सात माझी.

पंखा फिरत होता, बाहेर कोणी तरी स्टीलचा ट्रे पाडला, आणि मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते, जणू वाचून वाचून साताचा चार होणार होता. मग मंगळवारची दुपार समोर येऊन उभी राहिली. हॉलमध्ये सत्कार चालला होता, टाळ्या माझ्या खोलीपर्यंत येत होत्या. कांता, पहिल्या काउंटरची, जाता जाता चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर टाकून म्हणाली होती, "एवढ्या टाकून दे न वं, मी फोटोले चालली." मी गेले नव्हते. मला जायचंच नव्हतं. एक लाख नोंदी बिनचूक, आणि त्यातल्या साठ हजार तरी माझ्या, हा हिशेब माझ्याइतका कोणाला माहीत होता? मी दात ओठ खात चिठ्ठ्या टाकत होते. प्रत्येक चिठ्ठीला मनात म्हणत होते, घ्या काका, ही पण घ्या, ही पण तुमचीच. टाळ्या वाजल्या, कोणीतरी माइकवर शिट्टीसारखा आवाज काढला, आणि त्याच मिनिटाला माझ्या बोटानं ओ सोडून ए दाबला असेल. दाबल्याचं आठवत नाही. राग तेवढा आठवतो, जिभेवर कडू. एक बाई सेलूवरून ऑपरेशनला आली होती, पिशवीत कपडे घेऊन, आणि मी तिच्या रक्तावर माझा राग काढला.

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. त्याऐवजी एक घाणेरडा विचार आला, आणि तो इतका शहाण्यासारखा आला की मी त्याला बसायला जागा दिली. सहा वर्षं माझं बरोबर काम त्यांच्या नावावर गेलं. शाल त्यांना मिळाली. मग एक चूक त्यांच्या नावावर गेली तर काय बिघडलं? हाच तर न्याय. आठ दिवसांत ते घरी बसणारच होते. आणि आज शनिवार होता. मला खोटं बोलायचं नव्हतं, काही लपवायचं नव्हतं, फक्त सहावं काम करायचं होतं. एक आज्ञा, खालची कळ, संपलं. पुढच्या महिन्यात कंत्राट, बाबांची गोळी-औषधं, आईचं पिपरीतल्या बायकांना सांगणं, माही पोरगी कॉम्प्युटर सांभाळते. मी आज्ञा लिहिलीसुद्धा. पडद्यावर ती शेवटच्या अक्षरापर्यंत तयार उभी होती. कळीवर बोट ठेवून मी किती वेळ बसले ते मला सांगता येणार नाही. लोडशेडिंग बाराला सुरू व्हायचं, बारा वाजले, ट्यूब गेली, यूपीएस किरकिर करू लागला, आणि मी बोट काढून निमूटपणे जनरेटर लागायची वाट पाहिली.

दोनच्या सुमाराला दाराबाहेर चपला काढल्याचा आवाज आला. तो आवाज मी कुठेही ओळखीन. प्रभाकरराव होते. एका हातात घडी घातलेली शाल, दुसऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची चौकट.

"हे साहेबाले देऊन देजो," ते म्हणाले. "माह्याच्यानं देववत नाई. नारळ तेवढा राह्यला. शकुंतलेनं, तुह्या काकूनं, त्याच दिवशी चटणी केली."

"काका, मी लॉग पाह्यली."

ते स्टूल ओढून बसले, शाल मांडीवर ठेवली.

"मशीन सात हाये काका. मी होती."

"मले माहीत हाये."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"शाल अंगावर टाकली तवा मी सगळ्याइकडं पाह्यलं," ते म्हणाले. "आयुष्यात एक डाव शाल भेटते, मानूस पाहतेच का कोन कोन आलं. भूपेंद्र मांगं उभा राहून समोसा खाऊन राह्यला होता. कांता होती. सगळे होते. तू नव्हती. मंग घरी बसल्या बसल्या ध्यानात आलं."

"मंग तुम्ही बोलले काऊन नाई?"

"काय बोलू? तुह्यी पुरी जिंदगी पडली हाये. माहे आठ दिवस राह्यले. इतकं सगळं माह्या नावानं गेलं, हे भी जाऊ दे न पोरी."

इतक्या मायेनं बोलले ते, की मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच क्षणी ती चौकट त्यांच्या हातातून घेऊन आपटावीशीही वाटली. चांगला माणूस. देवमाणूस म्हणा. आणि तरी त्या मोठ्या मनात माझ्यासाठी जागा एकच होती, अकरातली. बरोबर असले तरी तिथेच, चुकले तरी तिथेच. रामाजी मुकादमही कदाचित चांगलाच माणूस असेल. त्याच्याबद्दल वाईट असं आजोबा कधी बोलले नाहीत, असं बाबा सांगतात. पण म्हणून आजोबांनी कोळसा खाली ठेवला नव्हता.

"काका, तुमच्या लाखातल्या साठ हजार नोंदी माह्या हायेत," मी म्हटलं. "त्या ठेवा तुम्ही. मी मागत नाई. पन हे एक मी तुमाले देनार नाई."

त्यांनी शालीचा काठ सरळ केला.

"मंग माहं चुकलं का इतके साल?"

खोटं बोलता आलं असतं. वयाचा मान ठेवायचा म्हणून लोक बोलतातच.

"हो काका. चुकलं."

त्यांनी मान हलवली, बुधवारी साहेबांसमोर हलवली होती तशीच, पण उठून गेले नाहीत. बसून राहिले, मी काय करते ते बघत.

मी लिहून ठेवलेली आज्ञा एकेक अक्षर मागे जात पुसली. लॉगचं ते पान छापलं. आमचा जुना प्रिंटर कर्रकर्र करत सगळ्या दवाखान्याला सांगत होता. मग निकेशच्या कागदावरचं पाचवं काम काढलं. माणूस घालणे. पहिला माणूस रक्षा. हे नाव टंकायला मला वेळ लागला, बोटं अडखळली, सवय नव्हती. मग कांता, काजल, भूपेंद्र, आणि बाकीचे तीन. पासवर्ड कोणाचाच घातला नाही, ज्याचा त्यानं घालावा. राहिला प्रभाकर. मी काकांकडे पाहिलं. ते स्टुलावरून उठले, पडद्यासमोर आले, आणि रोज सकाळी करायचे तसा त्यांनी नमस्कार केला. मग मी त्यांचं नाव काढलं आणि सातही जोडण्या तोडल्या.

बाहेर कल्ला झाला. मी गेले तर कांता काउंटरवर हात आपटत होती. "रक्षा, हे पाहाय न वं, मशीन नाव मागून राह्यली."

"मंग दे की. तुहं दे. आन पासवर्ड पन तुहाच. कोनाले सांगू नको, मले भी नाई."

"आन काही चुकलं तं?"

"तं तुह्यावर."

तिनं तोंड वाकडं केलं. भूपेंद्रनं कानातली तार काढली. काजल हसली आणि आपल्या मशीनकडे गेली. तेवढ्यात साहेब आले, ट्रस्टींसाठी इस्त्रीचा शर्ट घालून, आणि मी छापलेलं पान त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी वाचलं. मशीन सात हे दोन शब्द वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी जन्मभर विसरणार नाही. सुटका झाली त्यांची. चार नव्हता. मग एकदम मऊ झाले.

"अवं, याच्यात तुहं नाव कुठं हाये? याच्यात प्रभाकर लिवलं हाये." पान घडी करून माझ्याकडे सरकवलं. "कशाले फुकट बोभाटा करतं? बाई वाचली न? पुसून टाक. कंत्राटाचं मी पाहतो."

मी त्यांच्या खिशातला पेन काढून घेतला. विचारलं नाही. काउंटरवर पान सरळ केलं आणि मशीन सातच्या पुढे लिहिलं: रक्षा श्रावण थूल. सहा वर्षांतली माझ्या नावावरची पहिली नोंद, आणि ती चुकीची. भागीरथाबाई अजून वॉर्ड नंबर दोनमध्ये होत्या, त्यांनाही मला हेच सांगायचं होतं, ट्रस्टींच्या आधी किंवा नंतर, आणि त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर त्या उभं राहून ऐकायच्या होत्या.

"आता आहे साहेब," मी म्हटलं आणि पान त्यांच्या हातात परत दिलं. "लॉग तशीच आहे. पुसणार नाही. कंत्राटाचं तुम्ही तुमचं पाहा."

माझ्या खोलीच्या दारात प्रभाकरराव शाल घेऊन उभे होते, आणि सगळ्यांना ते तिथे दिसत होते. कोणी काही बोलण्याआधी कांता म्हणाली, "रक्षा, तिकडं पाहाय न जराशी, मले पासवर्ड टाकाचा हाये."

मी भिंतीकडे तोंड केलं. मागे ती एक एक कळ शोधत होती. पहिलं अक्षर मोठ्यानं म्हणाली, सवयीनं, मग गप्प झाली. साहेब तिच्या शेजारीच होते, कागद हातात, डोळे तिच्या बोटांवर.

"साहेब," मी न वळता म्हटलं, "तुम्ही भी तिकडं पाहा."